पळी कोणाच्या हातात?

सेवा कशी करावी हे बेळगावच्या ख्रिस्ती माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीची माणसं इथं येऊन राहिली, १८५६ मध्ये सेंट पॉल्स शाळा निघाली, १९५३ मध्ये कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत झाला. शाळा, वसतिगृहं, खेड्यापाड्यांतले दवाखाने ही कामं या साऱ्या काळात चालूच राहिली. आपण मिशनच्या शाळेत शिकलो हे अभिमानानं सांगणारी मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान माणसं शहरात गल्लोगल्ली भेटतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यात भर पावसात पायी वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. त्यांच्याबद्दल वाकडा शब्द काढायची माझी छाती नाही.

तरीही एक प्रश्न राहतोच. ज्यांची आपण इतकी सेवा केली, ती माणसं रविवारी कुठं बसतात? बसण्याचंही सोडा. फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा, पैसा कशावर खर्च करायचा, शाळेत फी-माफी कुणाला द्यायची, स्मशानातली डागडुजी आधी कुठल्या बाजूनं करायची, हे जिथं ठरतं त्या टेबलाभोवती उसाच्या फडातली बाई, निपाणीची बिडी वळणारी म्हातारी, सिद्दी पोरगा, एकेकाळी यल्लम्माला सोडलेल्या आईचा मुलगा, यांतलं कुणी असतं का? मी पाहिलेल्या कमिट्यांत तरी नव्हतं. पंगतीत ताट आपण सगळ्यांना मांडतो, पोटभर वाढतोही. पळी मात्र हातातून सोडत नाही.

सीमाभागातल्या चर्चपुढचा खरा प्रश्न हा पळीचा आहे, आणि तो प्रेमळ बोलण्यानं सुटणारा नाही. ‘सर्वांचं स्वागत आहे’ ही पाटी दारावर लावायला काही लागत नाही. आलेल्या माणसाच्या हातात वाढायचं काम, किल्ली, हिशोबाची वही आणि मत देणं, हे झालं तर स्वागत. तोवर तो पाहुणा. पाहुण्याला चहा मिळतो, घरात काय शिजवायचं हे त्याला कुणी विचारत नाही.

यरुशलेमेतल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत उघडपणे जी कुरबूर झाली तिचं कारणही वाढपच होतं. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ती आहे. ग्रीक बोलणारे हेल्लेणी यहूदी इब्री, म्हणजे स्थानिक भाषा बोलणाऱ्या, यहूद्यांविरुद्ध कुरकुर करू लागले, की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांना वगळलं जातं. भाषेचा वाद, अन्नाचा वाद, आणि दोन्हींच्या कात्रीत सापडलेल्या नवरा नसलेल्या बायका. बेळगावच्या माणसाला हा अध्याय समजावून सांगावा लागू नये.

येशूच्या बारा प्रेषितांच्या जागी आपल्याकडचे वडीलधारे असते तर काय झालं असतं याची कल्पना मी करू शकतो. ‘भाषेचा वाद चर्चमध्ये आणू नका’, ‘ख्रिस्तात आपण सगळे एक आहोत की’, ‘त्या बायकांना थोडं जास्त वाढा, म्हणजे गप्प बसतील’. यातलं तिसरं उत्तर सगळ्यात धोक्याचं, कारण ते दयाळू दिसतं. प्रेषितांनी यातलं काहीही केलं नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावलं, तुम्हीच सात माणसं निवडा म्हणाले, आणि वाटपाचं सगळं काम त्या सातांच्या स्वाधीन केलं. ती नावं दिलेली आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव. सातही नावं ग्रीक. ग्रीक नाव इब्री घरातही असे, हे मान्य. बारा जणांतही एक फिलिप्प होताच. पण सातच्या सात? ज्यांची तक्रार होती, वाटप त्यांच्याच माणसांकडे गेलं, असाच त्याचा अर्थ बहुतेक जाणकार लावतात. शिवाय नीकलाव जन्मानं यहूदीही नव्हता, बाहेरून येऊन यहूदी झालेला. ‘नवीन आहे, थोडा मुरू दे’ असं त्याच्याबद्दल कुणी म्हटल्याची नोंद नाही.

ही गोष्ट आपण प्रवचनात ऐकतो ती बहुधा ‘डिकन’ या चर्चमधल्या सेवकपदाची सुरुवात म्हणून. तिच्यातला राजकीय भाग, म्हणजे सत्तेचं हस्तांतर, आपण गिळून टाकतो.

मराठी माणूस म्हणून मला हे दुखणं आतून माहीत आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून तीन पिढ्या आपण एकच गोष्ट सांगतोय: आमच्या भाषेत कागद द्या, आमच्या पोरांना मातृभाषेतली शाळा द्या. मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाबद्दलचं घटनेचं कलम ३५०-अ आपल्याला तोंडपाठ आहे. या भागाबद्दलचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. सरकारी कचेरीत आपल्या आजीच्या हातात तिला न वाचता येणारा कागद पडतो तेव्हा पोटात कसं तुटतं, हे बेळगाव-खानापूर-निपाणीत वेगळं सांगायला नको. आणि तोच मराठी माणूस रविवारी चर्चमध्ये जातो तेव्हा काय होतं? सौंदत्ती-गोकाककडून बांधकामावर आलेलं कन्नड गवंड्याचं कुटुंब मागच्या बाकावर बसलेलं असतं. त्यांना पुढं बोलवावं, एक वाचन त्यांच्या पोरीला कन्नडमधून करू द्यावं, असं सुचवा; लगेच उत्तर येतं, ‘त्यांच्यासाठी कन्नड मिस्सा आहे की, तिकडं जाऊ देत.’ कोकणी बोलणारा मराठीवाल्याबद्दल हेच म्हणतो, इंग्रजीवाला सगळ्यांबद्दल. महापालिकेच्या दारात आपण हेल्लेणी असतो, चर्चच्या दारात इब्री होतो. सीमालढ्याचा आपल्याला काही नैतिक अधिकार असेल, तर तो या दुसऱ्या दारातही तपासला जायला हवा. मी हे लिहिल्यावर काही मित्र रागावणार, मला ठाऊक आहे. रागवा; पण मागच्या बाकाकडं एकदा वळून बघा.

भाषेबद्दल निदान मोठ्यानं भांडता येतं. जातीचा विषय निघाला की आवाज खाली येतात. राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातला तिसरा परिच्छेद सांगतो की हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीचा मानलं जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. कर्नाटकात ख्रिस्ती झालेल्या अनुसूचित जातींना मागासवर्गाच्या पहिल्या प्रवर्गात धरतात, पण अनुसूचित जातीचं संरक्षण त्यातून मिळत नाही. हा अन्याय आहे आणि चर्चचे नेते त्याविरुद्ध बोलतात ते योग्यच आहे.

गंमत अशी की सरकार म्हणतं, ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून सवलत नाही. चर्च दिल्लीत जाऊन म्हणतं, जात आहे, म्हणून सवलत द्या. आणि दिल्लीहून गावात परतलं की तेच चर्च म्हणतं, ‘आमच्यात कुठली आली जात?’ तिन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं, त्यात चर्चमध्ये जातिभेद आहे हे लपवलेलं नाही. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. पहिले दलित कार्डिनल. भारतात ख्रिस्ती धर्म केव्हापासून आहे हे लक्षात घेतलं तर ‘पहिले’ या शब्दाचा आनंद जरा कमी होतो. तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या थडग्यांमध्ये भिंत होती, ही बातमी आपण वाचतो आणि ‘तिकडं तामिळनाडूत’ म्हणून पान उलटतो. आपल्याकडं भिंत नाही, खरं आहे. आपल्याकडं सोयरीक आहे. गोव्यातून घाट चढून आलेल्या घरांनी बामण, चारडो, शुद्र ही ओळखही सोबत आणली; इकडच्या गावातून ख्रिस्ती झालेल्यांनी आपापली आणली. मुलगी बघायला गेल्यावर ‘मूळचे कुठले तुम्ही?’ हा प्रश्न गावाचं नाव कळावं म्हणून विचारलेला नसतो, हे विचारणाऱ्यालाही कळतं आणि उत्तर देणाऱ्यालाही.

खानापूर तालुक्यात आणि पलीकडं हल्याळ, यल्लापूर, जोयड्याच्या रानात सिद्दी राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले, त्यात मोठा वाटा पोर्तुगीजांचा. गोव्यातून निसटून कित्येक जण या जंगलात शिरले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, कॅथलिक आहेत. बोली कोकणीच्या वळणाची, मराठी-कन्नड मिसळलेली. ज्यांनी त्यांना विकलं त्यांच्या गळ्यात क्रूस होता आणि आज यांच्या गळ्यातही आहे, ही गोष्ट चर्चनं विसरता कामा नये. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना २०२० मध्ये. जिल्ह्याची हद्द ओलांडायला त्या कागदाला १७ वर्षं लागली. चर्चला तरी ती हद्द कुठं ओलांडता आली? फेस्ताच्या मिरवणुकीत डमाम हा त्यांचा ढोल वाजवायला, नाचायला सिद्दी हवे असतात, फोटोही मोठ्या हौसेनं काढले जातात. मिरवणूक संपल्यावर जी बैठक होते त्या बैठकीला डमामवाला नसतो.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर याच जिल्ह्यात आहे, आणि निपाणी-गडहिंग्लज हा पट्टा देवदासी बायकांच्या चळवळीचाही पट्टा आहे. कर्नाटकानं १९८२ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला, २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला. या नव्या कायद्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते: देवदासी आईच्या मुलाला कागदपत्रांवर बापाचं नाव देण्याची सक्ती नसावी. शाळेच्या दाखल्यापासून बँकेच्या खात्यापर्यंत त्या एका रकान्यानं किती पोरांची मान खाली घालायला लावली असेल! या बायकांपैकी, त्यांच्या मुलांपैकी काही जण चर्चमध्ये येतात. कुणी प्रार्थनेला येतं, कुणी आजारपणात मिळालेल्या आधारामुळं येतं, कुणी आपल्या मनानं बाप्तिस्मा मागतं. मग ऑफिसात रजिस्टर उघडतं आणि टेबलापलीकडून प्रश्न येतो: ‘वडिलांचं नाव?’

चर्चला कायदा बदलायची गरजच नव्हती, कारण त्याचा स्वतःचा कायदा आधीच शहाणा होता. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेचा नियम ८७७ अविवाहित आईच्या मुलाची नोंद कशी करायची ते सांगतो. आई कोण हे सर्वांना ठाऊक असेल किंवा तिनं आपणहून मागितलं, तर तिचं नाव लिहा. बापाचं नाव बापपण सिद्ध झालं असेल तरच लिहा. रकाना रिकामा राहू शकतो, राहायलाच हवा. प्रश्न विचारणाऱ्याची सवय तेवढी बदलायची आहे. आणि ती बदलायचा सरळ उपाय म्हणजे त्या टेबलामागच्या खुर्चीत अशाच एका आईचा शिकलेला मुलगा किंवा मुलगी बसवणं. तो हा प्रश्न विचारणार नाही, किंवा असा विचारेल की समोरची बाई घाबरणार नाही.

इथं एक आठवण करून द्यावीशी वाटते. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावातच जन्मले, इथल्या मिशनच्या शाळेत शिकले, १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ते ‘यमुनापर्यटन’ त्यांनी १८५७ मध्ये प्रसिद्ध केलं. विषय होता हिंदू विधवांची दशा. म्हणजे मराठी ख्रिस्ती लेखणीनं सुरुवातीलाच नवरा नसलेल्या बाईकडं पाहिलं होतं. दुसऱ्यांच्या घरातल्या विधवेबद्दल लिहिणं मोलाचं होतं, शंकाच नाही. आपल्याच बाकावर बसलेल्या बाईला तिच्या मुलाचं नाव कसं लिहू ते विचारणं, हे त्याच्या पुढचं काम.

सौंदत्तीच्या डोंगराशी बांधलेली आणखी काही माणसं आहेत: जोगप्पा. पुरुषाच्या देहात जन्मून देवीच्या नावानं लुगडं नेसलेली. बेळगावच्या बाजारात त्यांना लोक वाकून नमस्कार करतात आणि भाड्यानं खोली मात्र देत नाहीत. राज्यातल्याच मंजम्मा जोगती यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. पण त्यांच्यासारख्या हजारोंचं आयुष्य हात पसरण्यातच जातं. सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी ओळख २०१४ मध्ये मान्य केली. कर्नाटकानं २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत त्यांना एक टक्का आरक्षण दिलं. चर्चमध्ये एखादी तृतीयपंथी व्यक्ती येऊन बसली तर? मला ठाऊक आहे काय होईल. कुणी हाकलणार नाही, आपण तसे उद्धट नाही. शेजारचे लोक अदबीनं सरकतील, आणि तिच्या दोन्ही बाजूंना बाक मोकळा राहील.

आता पुन्हा त्या सात जणांकडं येऊ. त्यांतला फिलिप्प. आठव्या अध्यायात यरुशलेमेहून गज्जाकडं (गाझाकडं) जाणाऱ्या ओसाड वाटेवर त्याला आफ्रिकेतल्या कूशी देशाच्या राणीचा एक अधिकारी रथात बसलेला भेटतो. तो षंढ आहे. तो यरुशलेमेला उपासनेसाठी जाऊन परत चाललाय. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायातला नियम अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये असं सांगतो. म्हणजे इतक्या लांबून जाऊनही त्याला आत कुठवर जाता आलं असेल, ते आपण समजू शकतो. तो वाचत होता यशया संदेष्ट्याचं पुस्तक, त्रेपन्नावा अध्याय. आणखी तीनच अध्याय पुढं, छपन्नाव्यात, देवाच्या घरात षंढांना मुलामुलींपेक्षाही मोठं नाव देण्याचं वचन आहे. वाटेत पाणी दिसतं. तो अधिकारी विचारतो की मला बाप्तिस्मा घ्यायला आता काय आडवं येतं? फिलिप्पाकडं आडवं घालायला पुष्कळ होतं: नियमशास्त्र होतं, प्रेषितांना विचारून सांगतो म्हणता आलं असतं, एक समिती नेमता आली असती. तो रथातून उतरला आणि त्याच्याबरोबर पाण्यात गेला.

बारा प्रेषितांपैकी कुणी हे का केलं नाही, फिलिप्पानंच का केलं? माझं उत्तर सरळ आहे. ज्या माणसाच्या लोकांना काल वाटपात डावललं होतं, त्याला आज डावललेला माणूस लगेच ओळखू येतो. यरुशलेमेच्या मंडळीनं विधवांची तक्रार नुसती जास्तीचं अन्न देऊन मिटवली असती, तर त्या वाटेवर फिलिप्प नसता. पळी हातात दिली म्हणून वाढपी झाला, वाढपी झाला म्हणून पुढं कुणाला वाढायचं राहिलंय हे त्याला दिसलं. स्वागत असं पुढं सरकतं. आपण ज्यांना आत घेतो त्यांनाच दाराशी उभं राहू द्यायचं, कारण बाहेर अजून कोण उभं आहे ते त्यांना आपल्याआधी कळतं.

लग्नाबद्दलच्या किंवा देहाबद्दलच्या चर्चच्या शिकवणीत काय बदल व्हावेत, हा वेगळा वाद आहे आणि तो मी इथं घालत नाही. बाप्तिस्म्यापुरतं बोलायचं, तर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द व्हॅटिकननं सांगितलं की तृतीयपंथी व्यक्तीला, लोकांत गोंधळ किंवा बोभाटा होणार नसेल तर, इतरांसारखाच बाप्तिस्मा देता येतो. बोभाट्याची अट मला खटकते, कारण बोभाटा कोण करतं? बाक मोकळा करणारेच करतात.

यावर एक आक्षेप वारंवार येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘सध्या दिवस कसे आहेत बघा की. अशा वेळी या लोकांना जवळ करायला जाल तर धर्मांतराचा आरोप अंगावर येईल.’ कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेत मंजूर झालं तेही आपल्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये, हिवाळी अधिवेशनात. २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यातली ‘आमिषा’ची व्याख्या पाहा: धर्मसंस्थेच्या नामांकित शाळेत मोफत शिक्षणसुद्धा आमिष ठरू शकतं. आणि धर्मांतर झालेली व्यक्ती बाई, अल्पवयीन, अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल तर शिक्षा जास्त, १० वर्षांपर्यंत. म्हणजे ज्यांची सेवा करावी असं शुभवर्तमान सांगतं, नेमक्या त्यांच्याच जवळ जाणं कायद्यानं सर्वांत महाग करून ठेवलं. २०२३ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळानं तो रद्द करण्याचा निर्णय घेतला, तरी पोटातली भीती मंत्रिमंडळाच्या ठरावानं जात नाही. प्रार्थनेला जमलेल्या दहा-बारा बायकांच्या घराबाहेर जमाव येऊन उभा राहतो तेव्हा काय वाटतं, हे शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये बसून कळत नाही.

पण मी जे म्हणतोय त्यात एकाही नव्या माणसाला ख्रिस्ती करायची गोष्ट नाही. जे आधीच आत आहेत, ज्यांची नावं आधीच रजिस्टरमध्ये आहेत, त्यांच्याबद्दल हे चाललंय. कमिटीत जागा देणं हा कुठल्याही कायद्यानं गुन्हा नाही. उलट आमिषाच्या आरोपाला यापेक्षा चोख उत्तर मला दिसत नाही. एका दलित माणसाला ख्रिस्ती होऊन काय मिळतं? राखीव जागा जाते, शिष्यवृत्ती जाते, अत्याचारविरोधी कायद्याचं कवच जातं. आमिष म्हणावं तर फार तोट्याचा सौदा झाला! एवढं गमावून तो आत येतो, आणि आत त्याला मागचा बाक मिळतो. आरोप करणाऱ्यांना सोडा, त्या माणसालाच आपण काय उत्तर देणार?

पळी दिल्यावर काय होतं, याचा आपल्या भाषेतला दाखला पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातल्या गंगामुळाचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या आणि मुक्ती मिशन उभं राहिलं. त्या बायकांना सांभाळून रमाबाई थांबल्या नाहीत. शेती, गोठा, विणकाम, स्वयंपाक, शाळा, छापखाना, सगळं त्याच बायका चालवू लागल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे जुळवणारे हातही त्यांचेच. दुष्काळात ज्यांना कुणी मूठभर धान्य दिलं नाही, त्यांनी देवाचं वचन टाइपात बसवलं. आपल्या धर्मप्रांतात, आपल्या पास्टरेटमध्ये असं एखादं काम आहे का, जे पूर्णपणे अशा माणसांच्या हातात दिलंय आणि आपण वर बसून देखरेख करत नाही?

करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यासाठी रोमची किंवा बिशपांची वाट बघावी लागत नाही. कॅथलिकांच्या प्रत्येक पॅरिशमध्ये आर्थिक समिती असलीच पाहिजे, असं धर्मसंहितेचा नियम ५३७ सांगतो. मेथडिस्ट आणि इतर मंडळ्यांमध्ये कमिट्या निवडणुकीनं होतात. या कमिट्यांत अशा माणसांसाठी जागा ठरवून ठेवाव्यात. एक नको, निदान दोन, कारण एकटा माणूस शोभेचा होतो आणि गप्प बसतो. बैठक रात्री आठनंतर घ्यावी, म्हणजे रोजगार बुडणार नाही. कागद मराठी आणि कन्नड दोन्हींत असावेत आणि मोठ्यानं वाचून दाखवावेत. मदतीच्या पैशाची वाटणी पहिल्यांदा त्यांच्याकडे द्यावी, रंगरंगोटीची नंतर. हंगामात चिकोडी-रायबाग-अथणीकडं ऊसतोडीच्या कोप्या पडतात. तिथं कंबल वाटायला जाण्याआधी कोपीतल्या माणसांना विचारावं की कंबल हवंय, का पोरांना सांभाळायला कुणी हवंय.

‘त्यांना हिशोब जमणार नाही’, हे शेवटी कुणीतरी म्हणणारच. प्रत्येक बैठकीत म्हणतात. चांगल्या घरची, शिकलेली, विश्वासाची माणसं असली की पैसा सुरक्षित राहतो, असा आपला समज आहे. येशूच्या मंडळीत पैशाची थैली ज्याच्याकडं होती तो यहूदा इस्कर्योत काही कोपीतून आलेला नव्हता. तो बारा जणांतला होता, आणि थैलीतले पैसे काढून घेत असे असं योहानानं लिहून ठेवलंय. उलट ज्या सात जणांकडं विधवांचं वाटप दिलं, त्यांच्या हिशोबाबद्दल पुढं कुणाचीही तक्रार नोंदलेली नाही.